कितीपैकी

आमच्या गावात येऊन नाथाजी पुकळे कुठं राहतात असं विचारलंत, तर पोस्टमन सोडून कुणी घर दाखवणार नाही. ‘कितीपैकी’ कुठं राहतो असं विचारा, बालवाडीतलं पोरगंसुद्धा हाताला धरून दारात नेऊन सोडेल. हे नाव मी ठेवलं. रागानं ठेवलं, पण गावानं ते लाडानं उचललं, आणि आता त्याच्या लाइटबिलावर तेवढं ते यायचं राहिलंय.

नाथाजी मूळचा माणदेशातला, म्हसवडजवळच्या एका वाडीतला, मेंढपाळाच्या घरचा. घरात शिकलेला पहिलाच. साताऱ्याला सांख्यिकी कार्यालयात लागला, पुढं सांगलीला बदली झाली, आणि दुसऱ्यांनी मोजून आणलेलं नीट मोजलंय का हे तपासण्यात त्याची चौतीस वर्षं गेली. बायको आमच्या गावच्या शाळेत बाई होत्या, म्हणून इस्लामपूरपासून दोन कोसांवरच्या या गावात त्यानं घर बांधलं. मी उदयसिंह. फौजेतून हवालदार होऊन आलो, ऊस लावतो, आणि सध्या गावचा उपसरपंच आहे. आवाज मोठा असला की माणूस बरोबर असतो, हे मी फौजेत शिकलो होतो. ते विसरायला मला नाथाजीपायी चार वर्षं लागली.

पहिली चकमक उसावरून झाली. मी एक नवीन औषध आणून विहिरीजवळच्या वावरात फवारलं होतं आणि ऊस झकास आला होता. पारावर बसून मी सगळ्यांना सांगत होतो की बाबांनो, हे औषध घ्या, उतारा तिसऱ्या हिश्शानं वाढतो. नाथाजी नवीनच राहायला आलेला. त्यानं हळू आवाजात विचारलं, औषध किती वावरांत मारलं? एका. ते वावर गेल्या वर्षीही जास्त देत होतं का? देत होतं, विहिरीजवळचं आहे. आणि ज्यात मारलं नाही, त्या वावरांत यंदा काय झालं? मी म्हणालो, तिथंही वाढला, पाऊसच चांगला होता. एवढं बोलून माझं मलाच कळलं, आणि पारावरचे सगळे हसायला लागले. माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, “ह्याच्याम्होरं तेहतीस कोटी देव जरी आलं, तरी हा इचारंल, कितीपैकी आलासा?” झालं, त्या दिवशी त्याचं बारसं झालं.

त्याला राग आला नाही. उलट ग्रामपंचायतीच्या भिंतीला एक काळा फळा होता, ज्यावर पाणी कधी सुटणार एवढंच लिहायचे, तो त्यानं मागून घेतला. रोज सकाळी पेपरातला किंवा मोबाइलवर फिरणारा एक आकडा तो वर लिहायचा आणि खाली एक प्रश्न. उत्तर संध्याकाळी. एकदा लिहिलं, ‘आमच्या क्लासचे शंभर टक्के विद्यार्थी उत्तीर्ण.’ खाली प्रश्न, ‘परीक्षेला बसवले किती आणि आधीच घरी पाठवले किती?’ क्लासवाला दुसऱ्या दिवशी भांडायला आला आणि चहा पिऊन गेला. हळूहळू बायका पाण्याला जाताना थांबायला लागल्या. पोरं उत्तरावर पैजा लावायला लागली. फळ्यावर थुंकायचं बंद झालं, हीसुद्धा एक प्रगतीच.

माझ्या घरात त्याचा शिरकाव झाला तो धाकट्या भावामुळं. त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टर म्हणाले सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवा. माझ्या मोबाइलवर नेमका एक निरोप होता की मोठ्या दवाखान्यात लहान दवाखान्यांच्या दुप्पट माणसं मरतात. मी अडून बसलो. नाथाजी घरी आला आणि एवढंच विचारलं, “हवालदार, तिथं कसली माणसं नेत्यात? सर्दीची का छातीत दुखणारी?” भाऊ सांगलीला गेला, बरा होऊन आला, आणि आता बांधावरून माझ्याशीच भांडतो. तेव्हापासून मी नाथाजीवर ओरडणं कमी केलं. बंद नाही केलं.

मला सांगायचंय ते यंदाच्या पौषातलं.

दर साली पौषात सिद्धू काळेल आपली मेंढरं घेऊन आमच्या गावी येतो. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या वावरात कळप बसवायचा, म्हणजे रानाला खत मिळतं आणि मेंढरांना पाला मिळतो. सिद्धू, त्याची बायको, त्याची म्हातारी आई मनुबाई, दोन घोडी आणि कळप, असा सगळा संसार दहा-बारा वर्षं येतोय. मनुबाईला विचारल्याशिवाय आमच्या बायका तान्ह्या पोराला गुटीसुद्धा देत नाहीत.

यंदा ते ओढ्यापलीकडे पोचायच्या आधी मोबाइलवर निरोप पोचला. ‘सावधान. म्हसवडकडून येणाऱ्या कळपातली चाळीस टक्के मेंढरं अज्ञात रोगानं दगावली. आपापली जनावरं जपा.’ खाली सिद्धूच्या घोडीचा फोटो. मला तो सकाळी सातला आला आणि सात वाजून दोन मिनिटांनी मी तो पाच ग्रुपवर पाठवलेला होता. वर माझ्याकडून लाल घंटेची तीन चित्रं. नऊच्या आत गावची तरणी पोरं काठ्या घेऊन ओढ्यावर उभी होती आणि सिद्धूला पलीकडेच थांबवलं होतं. साप साप म्हणून भुई धोपटायला आमच्याइतकं तयार गाव नाही, आणि धोपटणाऱ्यात सगळ्यात पुढं मी.

दुपारी ग्रामपंचायतीत बैठक बसली. सरपंच रेश्माताई शांत बाई, त्यांनी सिद्धूलाही बोलावलं. तो दारातच उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मागं माणात चारा संपलेला, पुढच्या गावांनीही तोच निरोप वाचून रस्ते अडवलेले, आणि ओढ्याकाठचं गवत फार तर तीन दिवस पुरणार. त्यानंतर कळप उपाशी. जनावरांच्या डॉक्टर प्रांजल मॅडम सकाळीच ओढ्यावर जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, वरून बघता रोगाची खूण दिसत नाही, मेली त्यांतली बहुतेक कोकरं आहेत, मार्गशीर्षातल्या अवकाळी पावसात गारठून छाती भरली असावी. पण रक्ताचे नमुने घेतलेत, अहवालाला आठ दिवस लागतील. आकाराम उठला. त्याच्या घरी पंचवीस शेळ्या आणि त्यावरच घर चालतं. तो म्हणाला, आठ दिवसांत माझ्या शेळ्या गेल्या तर मी अहवाल घेऊन काय करू? त्याचंही खोटं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून नाथाजीचा आवाज आला. चाळीस टक्के म्हणजे कितीपैकी किती?

कुणी हसलं नाही. निरोपात ते नव्हतंच. नाथाजीनं तिथूनच दोन-तीन फोन लावले, कार्यालयातली जुनी माणसं त्याच्या ओळखीची. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. मागं मोजणीदार वाडीवर आला तेव्हा सिद्धूनं मेंढरं सांगितली पंचावन्न. आणि गेल्या आठवड्यात वाटेतल्या एका जनावरांच्या दवाखान्यात मेलेली सांगितली बावीस. कुणीतरी शहाण्यानं बाविसाला पंचावन्नानं भागलं आणि चाळीस टक्के करून मोबाइलवर सोडलं.

आता सिद्धूचा कळप पंचावन्नाचा नाही, हे ओढ्यावर उभं राहून आंधळ्यालाही कळलं असतं. रेश्माताईंनी विचारलं, मग खरी किती आहेत? सिद्धूनं मान खाली घातली. पुन्हा विचारलं. तो काही बोलेना. पोरं कुजबुजायला लागली की लपवतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. मलाही तसंच वाटलं, आणि मी ते माझ्या आवाजात बोललो.

नाथाजीनं मला बाहेर नेलं. म्हणाला, “लपवत न्हाई त्यो. त्यांच्यात जितं जनावर मोजून सांगत न्हाईत. मोजलं की नजर लागती, कळप खपतो. मोजणीदार दारात आला की तोंडाला येईल त्यो बारका आकडा सांगायचा. मेल्यालं मातुर खरं सांगत्यात, मेल्याल्याला नजर कसली लागतीय?”

म्हणजे वरचा आकडा खरा आणि खालचा खोटा. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट कळपाला जपायला केली, तीच यंदा कळपाच्या मुळावर उठली होती.

संध्याकाळच्या आत आम्ही दोघं ओढ्यापलीकडे गेलो. मनुबाई घोडीच्या खोगिराला टेकून लोकर पिंजत बसली होती. तिचं माहेर नाथाजीच्याच वाडीतलं, भावकीतली थोरली बहीण लागते. नाथाजी तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, आक्का, कळप मोजावा लागंल. म्हातारीनं हातातली लोकर खाली ठेवली.

“नाथा, तू म्हनतोस हे? तू?”

तिनं ते ज्या तऱ्हेनं म्हटलं त्यात मला न कळणारं काहीतरी होतं. नाथाजीचा चेहरा पडला, पण तो उठला नाही. म्हणाला, आकडा कुणी उच्चारणार नाही, कुणी लिहिणार नाही. मेंढरू वाघरातून, म्हणजे कोंडायच्या जाळीतून, बाहेर पडलं की एक जोंधळ्याचा दाणा वाडग्यात टाकायचा. मेलेल्यासाठी उडदाचा. बस्स, लोकांनी डोळ्यांनी बघायचं. आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी चाट पडलो. “आक्का, पर आदीच सांगतो. उडीद लय निघालं, तर मीच सांगंन की म्हागं फिरा. तवा मला भावकी दावू नगंस.”

सिद्धू उसळला. म्हणाला, तू आमच्यातला का त्यांच्यातला? मनुबाईनं त्याला हातानंच बसवलं. खाली ठेवलेली लोकर तिनं पुन्हा उचलली. मग म्हणाली, दाणं माझ्या घरचं पायजेत. एवढंच.

परत येताना नाथाजी एका बांधावर बसला. मला वाटलं दमला. पण तो सांगायला लागला. चौथीत असताना त्याला शंभराच्या पुढं मोजता यायला लागलं होतं, आणि त्या आनंदात त्यानं बापाचा सगळा कळप वाघराच्या दारात उभं राहून मोठमोठ्यानं मोजला. आकडा आख्ख्या वाडीला ओरडून सांगितला. त्याच पावसाळ्यात मेंढरांना देवी आल्या आणि अर्ध्याच्या वर कळप खपला. बाप काही बोलला नाही. पण आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, नाथानं मोजलं आणि कळप गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असेल, हे मलासुद्धा कळतं. नाथाजीला तर तेच तपासायचा पगार मिळत होता. मी विचारलं, त्या साली बाकीच्यांची मेंढरं मेली का नाही? तो म्हणाला, “त्यांचे कळप लांब लांब हिंडत हुते, कोन कुठं, कोन कुठं. कार्यालयात त्या सालचं काय सापडलं न्हाई. मानसांना इचारायची छाती झाली न्हाई, हवालदार. कुनी म्हनलं आमची सगळी वाचली, तर मी काय करू?”

साऱ्या तालुक्याला ‘कितीपैकी’ विचारणाऱ्या माणसानं हा एक प्रश्न बावन्न वर्षं कुणाला विचारला नव्हता. आणि आता उद्या पुन्हा वाघराच्या दारात उभं राहायचं होतं. मला त्याची फार दया आली, आणि सकाळच्या तीन लाल घंटांची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव ओढ्यावर. वाघराचं तोंड एका वेळी एकच मेंढरू निघेल एवढं उघडलं. एका बाजूला रेश्माताई वाडगं घेऊन, दुसऱ्या बाजूला आकाराम. दोघांकडे मनुबाईच्या पिशवीतला जोंधळा. आकारामला मुद्दाम घेतलं होतं, कारण त्याचाच विरोध सगळ्यात मोठा. नाथाजीनं बजावलं, एकमेकांकडे बघायचं नाही, तोंडानं मोजायचं नाही, एक मेंढरू एक दाणा. मेंढरं निघाली. कोकरू असलं तरी दाणा टाकायचा. तासभर घंटांचा आणि खुरांचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. एवढं गाव गप्प बसलेलं मी ध्वजवंदनालाही पाहिलं नाही.

मग दोन्ही वाडगी पडताळायची होती, तीही न मोजता. नाथाजीनं एक दाणा या वाडग्यातला, एक त्या वाडग्यातला, अशा जोड्या लावायला दोघांना बसवलं. आकारामचे तीन दाणे उरले. मी लगेच म्हणालो, बघा, चुकलं, पुन्हा मोजा. नाथाजी म्हणाला, दोन माणसांनी एवढा कळप मोजला आणि एक दाणासुद्धा चुकला नसता, तर मला जास्त संशय आला असता. एवढ्या ढिगात तीन दाण्यांनी काही फरक पडत नाही.

आता उडीद. मनुबाईनं पिशवीतून लोकरीची एक काळी दोरी काढली. तिच्या घरची रीत अशी की जनावर मेलं की दोरीला एक गाठ मारायची, आणि दर साली नवी दोरी. ही रीत तिच्या सासूपासूनची. यंदाच्या दोरीला बावीस गाठी, म्हणजे बावीस उडीद. नाथाजीनं ते एका वाडग्यातल्या जोंधळ्यात मिसळले आणि दाणे एका सुपात पसरले. शेजारी दुसऱ्या सुपात निरोपातलं गणित मांडलं, तेहतीस जोंधळे आणि बावीस उडीद. दोन सुपं शेजारी शेजारी ठेवून तो बाजूला झाला.

लोक वाकून वाकून बघायला लागले. एका सुपात काळंच काळं. दुसऱ्यात सगळा पांढरा जोंधळा आणि उडीद शोधावा तेव्हा दिसतोय. आकाराम खाली बसला आणि बोटानं दाणे सारून बघत राहिला. शेवटी म्हणाला, शंभरातली पाच असतील नसतील. नाथाजीनं मान हलवली. त्यावरून कळप साधारण केवढा ते मलाही कळलं, पण आकडा मी इथं लिहिणार नाही, शब्द दिलाय. ज्याला गणित येतं त्यानं मनात करावं आणि मनातच ठेवावं.

पण आकाराम कच्चा नव्हता, फळा तोही रोज वाचायचा. त्यानं विचारलं, शंभरात पाच हे जास्त का कमी, ते कशावरून ठरवायचं? नाथाजी इतका खूश झाला की मला वाटलं त्याला मिठी मारतोय. त्यानं मनुबाईकडे पाहिलं. तिनं मागच्या चार सालांच्या दोऱ्या काढून दिल्या. सतरा, पंचवीस, चौदा, एकोणीस. वाढीव जनावरं दर साली बाजारात जातात, त्यामुळं कळप साधारण एवढाच राहतो. यंदाचे बावीस त्यातच बसत होते. एक साल तर याहून वाईट गेलेलं, आणि त्या साली कळप माझ्याच वावरात बसला होता. माझी एक शेळी शिंकलीसुद्धा नव्हती.

रेश्माताई म्हणाल्या, मग रोग नाही असं समजायचं का? नाथाजी म्हणाला नाही. दाणे एवढंच सांगतात की दर सालापेक्षा यंदा काही वेगळं दिसत नाही. रोग आहे का नाही ते डॉक्टरचा अहवाल सांगेल. तोवर घाबरूही नका आणि शेळ्या-मेंढरं एकत्रही चारू नका. डॉक्टर मॅडमनीही तेच सांगितलं. ओढ्याला लागून माझं तीन एकराचं वावर मोकळं होतं, गावच्या बाकी जनावरांपासून लांब. मी म्हणालो, माझ्यात बसवा. कुणी विचारायच्या आत बोललो, कारण घंटा मीच वाजवल्या होत्या.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी एक कोकरू मेलं.

गावाला पुन्हा कंठ फुटला. रोगाचं बोलणं झालंच, पण एक जण म्हणाला, मेंढरं मोजली ना, मग हे होणारच. ते फिरत फिरत नाथाजीपर्यंत गेलं. त्या दिवशी फळा कोरा राहिला. दुसऱ्या दिवशीही. मी त्याच्या घरी गेलो तर तो पडवीत बसून होता, वहिनी म्हणाल्या जेवलेले नाहीत. प्रांजल मॅडमनी कोकराचं पोट फाडून पाहिलं होतं, उसाचं हिरवं वाढं जास्त खाऊन ते फुगलं होतं. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मला कळतंय हवालदार. मला समदं कळतंय. पर हातापायाला कळंना.” मी नुसता बसून राहिलो, आणि न ओरडता बसणं मला किती अवघड जातं हे त्यालाही ठाऊक होतं.

आठव्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. सगळे नमुने स्वच्छ, कुठलाही रोग नाही. मी मोटरसायकल काढली आणि वाटेत दिसेल त्याला सांगत सुटलो. पाचही ग्रुपवर टाकलं, यावेळी घंटा न लावता, कितीपैकी किती ते लिहून. तपासलेले सगळेच्या सगळे तीस, रोगी शून्य. आकारामनं ते वाचलं आणि तो शेळीचं दूध घेऊन सिद्धूच्या तळावर गेला. मला इतकं हलकं वाटलं, जणू माझीच मेंढरं वाचली.

नाथाजीला मी ओढतच वावरात नेला. मनुबाई दोन्ही वाडग्यांतला तो जोंधळा कळपापुढं उधळत होती, उडदासकट. मोजलेलं परत त्यांच्याच पोटात घालायचं, म्हणजे मोज मिटते, असं म्हणाली. सिद्धूनं नाथाजीचे पाय धरले. नाथाजी ओशाळून बाजूला झाला आणि जायला निघाला. मनुबाईनं हाक मारली.

“बस. कोकरू मेलं तवापासनं तोंड चुकवतूयास.”

तो बसला. ती म्हणाली, “तुझी आज्जी काय म्हनायची ते मला ठावं हाय. माझं नुकतंच लगीन झाल्यालं. आमी त्या पावसाळ्यात भिवघाटाच्या अंगाला व्हतो, तुमच्यापास्नं लय लांब.” आणि पिशवीच्या तळातून तिनं हळदीत माखलेलं एक फडकं काढलं. आत जुनी, कडक झालेली दोरी होती. सासूच्या हातची. तिच्या गाठी इतक्या दाट होत्या की दोन गाठींत मोकळी लोकर दिसत नव्हती.

“ही त्या सालची. आमच्या दोन वाघरांतलं येक वाघर पुरतं रिकामं झालं. आमचा कळप कुनीबी मोजला नव्हता, नाथा.”

नाथाजीनं दोरी हातात घेतली आणि सवयीनं एकेक गाठ बोटाखालून सारत मोजायला लागला. ओठ हलत होते. तिसाच्या पुढं कुठंतरी तो थांबला, दोरीचा बराच भाग अजून उरलेला होता. त्यानं ती कपाळाला लावली आणि लहान पोरासारखा रडला. मनुबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी उगाच मेंढरांकडे बघत उभा राहिलो, कारण माझेही डोळे भरले होते.

डोळे पुसत तो म्हणाला, “आक्का, येवढी वर्सं मला कुनी सांगितलं न्हाई.”

“तू इचारलंस कवा?” ती म्हणाली.